बारा गाभे आणि एक कान

दिवाळीच्या सुटींत ज्या घरांत तीन तरुण एकत्र जमतात त्या घरांत फराळाचा फडशा उडावा आणि वादाचा धुरळा उठावा, यांत नवल असें कांहींच नाहीं. परंतु २०२४ सालच्या दिवाळींत आमच्या ओटीवर जो वाद तीन दिवस चालला त्याचा विषय मात्र आमच्या ऐकण्यांत पूर्वीं कधीं आला नव्हता. आमचा भाचा मुंबईस एंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षास होता. तो आणि त्याचे दोन मित्र चकलीचा तुकडा हातांत तसाच धरून 'सॉकेट', 'कोअर', 'थ्रेड', 'कॅश' असे शब्द एकमेकांच्या अंगावर फेंकीत होते, आणि आम्ही शेजारच्या खोलींत पेपर तपाशीत बसलों असतां ते शब्द आमच्याहि अंगावर येऊन पडत होते. इंग्रजी भाषा शिकविण्यांत आमचीं तीस वर्षें गेलीं. पण त्या दिवशीं ओळखीचे शब्द आणि अनोळखी अर्थ अशा विचित्र सभेंत आपण सांपडलों आहों असें आम्हांस वाटलें. 'कॅश' म्हणजे पैका नव्हे, 'थ्रेड' म्हणजे दोरा नव्हे, आणि 'मदरबोर्डा'शीं मातेचा कांहीं संबंध नाहीं, एवढें समजण्यास आम्हांस एक सायंकाळ लागली.

हा वाद ऐकतांना लहानपणीं पाहिलेला बैलबाजार आम्हांस आठवला. माणदेश हा खिलारी बैलांचा मुलूख. आजोबांचें बोट धरून आम्ही बाजारांत जात असूं तेव्हां बैल विकत घेणारांपेक्षां बैलांविषयीं बोलणारांचीच गर्दी अधिक दिसे. कोणी दांत मोजी, कोणी खूर उचलून पाही, कोणी चालीवरून स्वभाव ताडी. ज्याच्या कनवटीस दोन रुपयेहि नसत तो हजारांच्या जोडीचे दोष बिनचूक दाखवी. त्या मंडळींचें बैलांवर खरें प्रेम होतें, आणि तें प्रेम विकत घेण्याच्या शक्तीवर अवलंबून नव्हतें. ओटीवरचे तिघे तरुण त्याच जातीचे रसिक होते. फरक इतकाच कीं, त्यांचे बैल तळहातावर मावत होते, आणि दांतांऐवजीं ते कोअर मोजीत होते.

या वादांत आम्ही पडलों तें मात्र रसिक म्हणून नव्हे, गरजवंत म्हणून. आमचे वडील प्राथमिक शाळेंत शिक्षक होते. १९८२ पासून १९९४ पर्यंत सुटीच्या दिवसांत सायकलीस टेपरेकॉर्डर बांधून ते माण तालुक्यांतल्या गांवोगांवीं हिंडले, आणि पहांटे दळतांना बायका ज्या ओव्या म्हणत त्या त्यांनीं फितींवर उतरवून घेतल्या. गिरणी आली कीं जातें मुकें होतें हें ते डोळ्यांनीं पाहत होते. अशा एकेका तासाच्या ११८ फिती मागें ठेवून ते २००९ सालीं वारले. त्या ओव्या शब्दशः लिहून काढून अर्थासह छापाव्या हा त्यांचा संकल्प. तो आमच्या हातून पंधरा वर्षें झाला नाहीं. अखेर २०२३ च्या उन्हाळ्यांत आम्हीं सर्व फिती संगणकांत उतरवून घेतल्या. परंतु फितींवर गळ्यापेक्षां जात्याची घरघर अधिक! ती वेगळी काढून गळा मोकळा करणारा एक प्रोग्रॅम भाच्यानें आणून दिला. पण आमचें २००८ सालीं घेतलेलें दोन कोअरचें यंत्र एका वेळीं दोन फिती घेई आणि त्यांस सहा तास लावी. ११८ फितींच्या ५९ जोड्या. ५९ गुणिले ६ म्हणजे ३५४ तास. म्हणजे अहोरात्र चालविलें तरी जवळजवळ पंधरा दिवस. तेंहि आम्हीं सोसलें असतें. पण दुसऱ्या-तिसऱ्या जोडीस यंत्र तापून आपोआप बंद पडे, आणि त्या जोडीचें काम पुन्हां पहिल्यापासून सुरू करावें लागे.

ग्रंथाच्या छपाईसाठीं आम्हीं ९० हजार रुपये बाजूस ठेविले होते. ते छापखान्यांत घालावे कीं यंत्रांत, हा प्रश्न होता; आणि यंत्रांत घातले तर छापखान्यासाठीं मागें कांहीं उरत नव्हतें. म्हणून ओटीवरच्या वादास कान देणें आम्हांस भाग पडलें.

वादांत दोन पक्ष होते. भाच्याचें म्हणणें असें कीं, जानेवारी २०२३ मध्यें निघालेला एएमडी कंपनीचा 'रायझन ९ ७९००' हा प्रोसेसर घ्यावा. त्यांत बारा कोअर, म्हणजे काम करणारे बारा गाभे, आणि बाराहि एकाच जातीचे. त्याचा एक मित्र इंटेलच्या 'कोअर आय७ १४७००' या प्रोसेसरच्या बाजूचा. त्यांत गाभे वीस. पण आठ मोठे व बारा लहान. मोठ्यांनीं अवघड कामें करावीं, लहानांनीं थोडक्या विजेंत बाकीचीं उरकावीं, अशी ही व्यवस्था. इंटेलनें ती नोव्हेंबर २०२१ पासून टेबलावरच्या यंत्रांत रूढ केली.

"एकत्र कुटुंबच आहे हें," मित्र म्हणाला. "कर्ते आठ, आणि पाणी भरणारीं पोरें बारा."

"पण मामांच्या घरीं पाणी भरावयाचेंच नाहीं," भाचा उत्तरला. "बारा फिती बारा जणांना वांटल्या कीं बाराहि जण एकदम मोकळे होतात. तुझे कर्ते मोकळे होतील आणि पोरें मागें रखडतील."

तिसरा मित्र कोणत्याच पक्षाचा नव्हता. त्याचें सारें लक्ष मदरबोर्डाकडे. त्याचें म्हणणें, प्रोसेसर हा भाडेकरू आहे, घर मदरबोर्डाचें. भाडेकरू बदलावयाचा झाल्यास घर मोडावें लागूं नये. एएमडीचें 'एएम४' हें सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसविण्याची खोबण, २०१६ सालीं निघाली, आणि २०२४ सालींहि तींत बसणारे नवे प्रोसेसर निघत होते. तिच्या पुढची 'एएम५' ही सप्टेंबर २०२२ मध्यें आली, आणि ती २०२७ पर्यंत व त्यापुढेंहि चालवूं असें कंपनीनें जाहीर केलें आहे. उलट इंटेलच्या १७०० टोंकांच्या खोबणींत २०२१ पासून प्रोसेसरच्या तीन पिढ्या नांदल्या, आणि आमचा फराळ तळला जात होता त्याच ऑक्टोबरांत १८५१ टोंकांची नवी खोबण बाजारांत आली. आतां जुन्या बोर्डावर नवा प्रोसेसर बसावयाचा नाहीं. पुढें त्यानें बोर्डावरच्या वीज देणाऱ्या भागाची महति सांगितली. बाहेरून येणारी वीज १२ व्होल्ट दाबाची; प्रोसेसरला पाहिजे ती एक-सव्वा व्होल्टची. दाब इतका उतरविला कीं प्रवाह तितकाच चढतो, आणि शंभर वॅटहि न खाणाऱ्या त्या इवल्याशा चकतीस साठ-सत्तर अँपिअर प्रवाह पुरवावा लागतो. घरांतले सारे दिवे-पंखे एकदम लावले तरी इतका लागत नाहीं. हा भार वांटून घेणारे टप्पे बोर्डावर जितके पुरेसे तितकें यंत्र थंड राहतें. "लोक घोड्याचें कौतुक करतात, मामा," तो म्हणाला, "नालबंदाला कोणी विचारीत नाहीं." मित्राच्या मामास मामा म्हणण्याची ही रीत आम्हांस आवडली, आणि नालबंदाचा मुद्दाहि पटला.

मग आम्हीं एक भाबडा प्रश्न विचारला. बारा कोअर हवेत कशाला? एकच कोअर बारा पटींनीं वेगवान कां करीत नाहींत? वर्गांत विद्यार्थी असा प्रश्न विचारतो तेव्हां शिक्षकास जो आनंद होतो तो त्या तिघांच्या मुद्रेवर आम्हीं पाहिला.

उत्तराचा सारांश असा. १९७१ सालीं इंटेलनें '४००४' नांवाचा जो प्रोसेसर काढला त्यांत सुमारें २,३०० ट्रॅन्झिस्टर होते. गॉर्डन मूर यांनीं १९६५ सालींच भाकीत केलें होतें कीं एका चकतीवर मावणारे असे घटक ठराविक काळानें दुप्पट होत जातील. १९७५ सालीं त्यांनीं तो काळ दोन वर्षांचा ठरविला. घटक जसजसे लहान झाले तसतसा त्यांस लागणारा विजेचा दाबहि उतरत गेला, म्हणून उष्णता न वाढतां वेग वाढवितां आला. तीस वर्षें हा सुकाळ चालला. परंतु दाब उतरविण्यासहि सीमा आहे. ती गांठल्यावर वेग वाढवावयाचा तर दाब चढवावा लागतो. आणि खर्च होणारी वीज वेगाच्या प्रमाणांत तर वाढतेच, शिवाय दाबाच्या वर्गाच्या प्रमाणांतहि वाढते. म्हणजे वेग थोडा आणि ताप फार. इंटेलनें ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ देण्याचें वचन दिलें होतें. तें ऑक्टोबर २००४ मध्यें मागें घ्यावें लागलें, आणि कंपनीचे प्रमुख क्रेग बॅरेट यांनीं भर सभेंत गुडघे टेकून त्याबद्दल क्षमा मागितली. विनोदानें कां होईना, पण इतक्या मोठ्या कारखान्याचा धनी सृष्टिनियमापुढें गुडघे टेकतो हें चित्र आम्हांस मोठें बोधप्रद वाटलें. पुढच्याच वर्षीं, २००५ च्या मे महिन्यांत, दोन्ही कंपन्यांनीं टेबलावरच्या यंत्रांसाठीं दोन कोअरचे प्रोसेसर आणले. एकास अधिक धांवडवितां येत नाहीं, तर दोघांस जोडीनें चालवूं, असा तो व्यवहार.

दुसरें कारण भाच्यानें बोटांनीं दाखविलें. ४ गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदांत चारशे कोटी ठोके. एका ठोक्यापासून दुसऱ्या ठोक्यापर्यंत प्रकाशकिरण साडेसात सेंटिमीटर जातो. म्हणजे आडवीं धरलेलीं चार बोटें. तारेंतला संदेश त्याहूनहि मंद. बारापट वेग मागितला तर प्रकाशासहि अर्ध्या बोटापलीकडे जातां येणार नाहीं. माणसानें केलेल्या कायद्यांस पळवाटा असतात. या कायद्यास नाहीं.

हें ऐकतांना आम्हांस आमचे पुण्याचे विद्यार्थिदशेंतले दिवस आठवले. भारतास हवा तसा मोठा महासंगणक अमेरिकेकडून मिळेना, तेव्हां १९८८ सालीं पुण्यास सी-डॅक ही संस्था निघाली, आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालीं तिनें १९९१ सालीं 'परम ८०००' हें यंत्र उभें केलें. एक महाबलाढ्य प्रोसेसर मिळत नाहीं, तर लहान लहान चौसष्ट एकत्र जुंपूं, हीच त्यांतली युक्ति होती. ती त्या वेळीं आम्हांस गरिबाची युक्ति वाटली होती. २०२० च्या फेब्रुवारींत एएमडीनें एकाच प्रोसेसरमध्यें चौसष्ट कोअर घालून तो टेबलाखालच्या पेटीसाठीं विकावयास काढला. गरिबाची युक्ति तीस वर्षांनीं श्रीमंतांनीं घरांत घेतली एवढेंच म्हणावयाचें.

आमची आई त्या वेळीं त्र्याऐंशी वर्षांची होती. तिचा डावा कान दहा वर्षांपूर्वींच गेला. उजव्या कानावर तिचा सारा संसार चालतो. ती तांदूळ निवडीत बसली होती आणि चर्चा तिच्या कानांवर थोडी थोडी पडत होती. तिनें विचारलें, "बारा जण कशाला आनताय?" भाच्यानें तिच्या उजव्या बाजूस जाऊन, दळण बारा जणींत वांटावयाचें आहे, असें समजावून सांगितलें. ती हंसली. "एका जात्यावर दोघी बसत्यात. तिसरी आली तर तिनं खुंट्याला हात कुठं घालावा? तिला दुसरं जातं द्यावं लागतं. आनि त्या जात्याला दानं कोन आनून देनार?"

"आजी, हाच तर खरा प्रश्न आहे!" भाचा जवळजवळ ओरडला. कोअर कितीहि असोत, त्यांना वेळेवर दाणे पुरविणारी स्मरणशक्ति आणि तिथपर्यंतची वाट रुंद नसेल तर अर्धे जण खुंटा धरून रिकामे बसतात. म्हणूनच ३२ गिगाबाइट रॅम पुरे कीं ६४ पाहिजे, यावर दुसऱ्या दिवसाचा सबंध पूर्वाह्ण गेला होता. आईच्या प्रश्नानें ६४ चा पक्ष जिंकला.

परंतु आईचा प्रश्न त्याहून खोल होता, आणि तो जीन अ‍ॅम्डाल यांनीं १९६७ सालीं आंकड्यांत मांडून ठेविला आहे. कोणत्याहि कामाचा कांहीं भाग वांटतां येतो, कांहीं येत नाहीं. समजा, दहांतला एक भाग एकट्यानेंच करावयाचा आहे. मग उरलेल्या नऊ भागांवर बारा कोअर बसविले तरी सबंध काम पावणेसहापटहि लवकर होत नाहीं. आणि बारा लक्ष बसविले तरी दहापटीच्या पलीकडे कधींच जात नाहीं. त्या एका न वांटणाऱ्या भागापुढें सारें सैन्य हात बांधून उभें राहतें. भाच्यानें हें कागदावर मांडून दाखविलें तेव्हां आमच्या कामांत हा भाग कोणता, असा प्रश्न आमच्या मनांत आला. पण त्याचें उत्तर त्या दिवशीं आम्हीं शोधलें नाहीं. नवी वस्तु घ्यावयाची हौस एकदां मनांत शिरली म्हणजे शहाणपणाचे प्रश्न माणूस पुढच्या महिन्यावर टाकतो.

अखेर बारा समान गाभ्यांचा पक्ष जिंकला, आणि नोव्हेंबरांत भाच्याबरोबर आम्ही मुंबईस लॅमिंग्टन रोडवर गेलों. या रस्त्याचें आतांचें नांव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. परंतु तेथल्या दुकानदारांपाशीं त्या नांवानें कोणी सौदा केलेला आम्हांस दिसला नाहीं. ग्रँट रोड स्टेशनापासून चालत जातांना दुतर्फा तारा, पंखे, पेट्या आणि बोर्ड यांचा असा बाजार लागतो कीं आमच्या माणच्या बाजारांतले रसिक येथें येते तर त्यांस परकें वाटलें नसतें. तोच घासाघिशीचा सूर, तीच माल उलटासुलटा करून पाहण्याची तऱ्हा, आणि ज्यांस कांहीं घ्यावयाचें नाहीं अशा जाणत्यांचा तोच घोळका.

यंत्र भाच्यानें साताऱ्यास आमच्याच टेबलावर जोडलें. पूर्वींच्या एएम४ पद्धतींत सुयांसारखीं टोंकें प्रोसेसरच्या पोटाशीं असत. एएम५ मध्यें तीं १७१८ टोंकें बोर्डावरच्या खोबणींत असतात आणि प्रोसेसरचें पोट सपाट असतें. एक टोंक वांकलें तरी बोर्ड वायां जावयाचा. म्हणून भाचा प्रोसेसर खालीं ठेवितांना श्वास रोखून होता, आणि त्याला पाहून आम्हीहि. तरफ दाबतांना कर्र असा आवाज झाला तेव्हां आमचे ९० हजार गेले असें आम्हांस वाटलें. परंतु तो आवाज होतोच म्हणे.

कामाचा झपाटा मात्र अपूर्व. बारा फिती एकदम लागत आणि अडीच तासांत निघत. दहा खेपा, २५ तास. आम्ही एका सायंकाळीं सुरू केलें, आणि दुसऱ्या दिवशीं दिवेलागणीपर्यंत सर्व ११८ फिती धुवून पुसून तयार होत्या. वडिलांचीं बारा वर्षें जवळजवळ एका अहोरात्रींत यंत्रानें पार केलीं. त्या रात्रीं आम्हांस समाधानानें झोंप लागली नाहीं.

सकाळीं आईच्या उजव्या कानाशीं यंत्र लावलें. आईच लावण्याचें कारण असें कीं, त्या ओव्यांतले शेंकडों शब्द आमच्या पदवींत बसत नाहींत. माणदेशाच्या त्या गांवांत वाढलेली आणि त्या बायकांपैकीं अनेकींबरोबर दळलेली अशी आमच्या घरांत तीच एक. तिनें पहिली ओवी ऐकली. दुसरी ऐकली. मग म्हणाली, "जातं कुठं गेलं?"

आम्हीं सांगितलें, जातें काढून टाकलें. आतां गळा मोकळा ऐकूं येईल. ती म्हणाली, "जातं न्हाई तर ती बाई गाती कशाला? मला हिचा शबूदच कळंना." प्रथम आम्हांस हा हट्ट वाटला. यंत्रानें जें दोष म्हणून काढलें तेंच ही परत मागते! परंतु पुन्हां लक्ष देऊन ऐकतां दोन गोष्टी ध्यानांत आल्या. प्रोग्रॅमनें घरघरीबरोबर कित्येक शब्दांचीं टोंकेंहि खाल्लीं होतीं. आणि ओवीचा ठेका जात्याच्या फेऱ्यावर असल्यामुळें, फेरा नाहींसा होतांच कोणता शब्द कोठें तुटतो हें जुन्या कानास उमगेना. आम्हांस स्वच्छ वाटत होतें तें तिला पांगळें वाटत होतें, आणि तिचेंच खरें होतें.

आतां या लेखाचें जें कांहीं सांगणें आहे तें येथेंच आहे. हेंच जुन्या यंत्रावर घडलें असतें तर आम्हीं काय केलें असतें? पंधरा दिवसांची तपश्चर्या करून निघालेल्या फिती आम्हीं परत यंत्रांत घातल्या असत्या काय? आम्ही आपला स्वभाव ओळखतों. आम्हीं आईस सांगितलें असतें कीं, आतां झालें तें झालें, थोडें सांभाळून ऐक. आणि तिनें सांभाळून घेतलें असतें. जन्मभर तिनें दुसरें काय केलें आहे? परंतु येथें बारा गाभे रिकामे बसले होते. भाच्यानें बारा निरनिराळ्या गांवांच्या बारा फिती निवडल्या, प्रोग्रॅमची धार बोथट केली, आणि सकाळीं आईनें सांगितलेलें दुपारीं तयार केलें. आईनें ऐकलें: "अजून थोडं." पुन्हां अडीच तास. सायंकाळीं तिनें ऐकलें, डोळे मिटले, आणि तिचा उजवा हात मांडीवर नकळत फिरूं लागला. "आतां बरोबर," ती म्हणाली. त्या रात्रीं सर्व ११८ फिती नव्यानें लावल्या. दुसऱ्या रात्रीं त्या निघाल्या. आठ-नऊ दशकांपूर्वीं एखाद्या ग्रंथकारास छापखान्यानें तिसरें प्रूफहि हंसत आणून द्यावें, तसें आम्हांस वाटलें.

मग कागद घेऊन आम्हीं अ‍ॅम्डाल यांचा हिशेब आमच्या कामास लावला. एक फीत तासाची. पण थांबत, विचारीत, लिहून घेत ती ऐकावयास आईच्या पांच बैठका लागतात. तिच्यानें दुपारीं एक तासापेक्षां अधिक होत नाहीं. ११८ गुणिले ५ म्हणजे ५९० दुपारा. जुन्या यंत्रावर सबंध काम ६०५ दिवसांचें होतें; नव्या यंत्रावर तें ५९१ दिवसांचें झालें. ९० हजार रुपये आणि बारा गाभे यांनीं मिळून शेंकडा अडीच सुद्धां वेळ वांचविला नाहीं! भाच्यास हें कळविलें तेव्हां तो ओशाळला. आम्हीं त्यास लिहिलें कीं, ओशाळण्याचें कारण नाहीं; यंत्रानें वेळ वांचविला नाहीं, पण आईचा शब्द वांचविला. वेगाचा उपयोग काम लवकर उरकण्याकडेच असतो अशी आमची समजूत होती. ज्याचें काम उरकतां येत नाहीं अशा एका म्हाताऱ्या माणसाचें म्हणणें तीनतीनदां ऐकून घेण्यास सवड होते, हाहि वेगाचा उपयोग आहे, आणि आमच्या मतें तोच मोठा.

भाच्यानें एक उपाय मध्यंतरीं सुचविला होता: बोलणें ऐकून आपोआप लिहिणारा एक प्रोग्रॅम यंत्रांत घालावा, म्हणजे न वांटणारा भागहि वांटतां येईल. आम्हीं करून पाहिलें, आणि त्याचा उपयोग झाला नाहीं असें म्हणणें अन्यायाचें होईल. सोपे शब्द तो बरे लिहितो, आणि आमच्या हातास तेवढा विसावा मिळतो. परंतु एके दिवशीं त्यानें लिहिलें 'झाड'. आईनें फीत थांबवावयास लाविली. "झाड न्हवं. चाडं. पाभरीचं चाडं."

शहरांतल्या वाचकांसाठीं सांगावयास पाहिजे कीं पाभर हें पेरणीचें औत आहे. त्यास तीन-चार फण असतात आणि प्रत्येक फणास एक पोकळ नळी असते. या सर्व नळ्या वर ज्या एका लांकडी वाटींत येऊन मिळतात तें चाडें. पेरणारी बाई औतामागून चालत चाड्यावर मूठ धरते, आणि मुठींतून बीं असें सोडते कीं तें चारहि नळ्यांत सारखें पडावें. फण चार असतात, ओळी चार पडतात. पण मूठ एकच. मूठ घाईनें सुटली तर बीं दाट पडून शेत वायां जातें, आणि बैल कितीहि चपळ असले तरी त्यांनीं मुठीच्या बेतानें चालावयाचें असतें. आईनें हें आम्हांस पांच मिनिटें हात हलवून समजावून दिलें. बारा कोअरविषयीं तीन दिवस जो वाद आम्हीं ऐकला त्याचें सार तींत आलें होतें, आणि तिला तें ठाऊक नव्हतें. मदरबोर्डाशीं मातेचा संबंध नाहीं, असें आम्हीं आरंभीं लिहिलें. तें विधान त्या दिवसापासून थोडें सैल करावें असें आम्हांस वाटूं लागलें आहे.

छपाईचे पैसे गेले ते पुन्हां सांठवावयाचे आहेत. त्यास अवकाश आहे. भाचा अजूनहि नव्या प्रोसेसरच्या बातम्या कळवितो, आणि आम्ही त्या बैलबाजारांतल्या रसिकाच्या आवडीनें वाचतों. मात्र घेण्याचें नांव काढीत नाहीं. हें लिहीत असतां आमच्या ४१ फिती पुऱ्या झाल्या आहेत. मध्यें आईस सर्दी झाली तेव्हां उजवा कान दहा दिवस बंद होता, आणि बाराहि गाभे पेटींत थंड पडून होते. आतां तो कान उघडला आहे. दुपारचे दोन वाजावयास आले. तिची चटई पसरावयाची वेळ झाली. बेचाळिसावी फीत लावावयाची आहे.